हद्दीवरचा गाडा

दस्तगीर मुलाणी गेल्याला पस्तीस दिवस झाले होते आणि त्यांचं सामान एकेक करून घराबाहेर पडत होतं. सदरे मशिदीत दिले. सायकल लोकल बोर्डाची होती, ती बोर्डाने नेली. डायऱ्याही बोर्डाच्याच. सतरा वर्षांच्या सतरा डायऱ्या न्यायला नवे इन्स्पेक्टर सयाजीराव स्वतः आले होते आणि नूरजहांने त्या जुन्या साडीच्या फडक्यात बांधून त्यांच्या हातात दिल्या होत्या. देताना तिला वाईट वाटलं नाही. अभिमान वाटला. अब्बा गेले तरी त्यांचं काम चालू राहणार, असं तिला वाटलं.

ती कराडच्या मुलींच्या शाळेत शिकवत असे. लग्न होऊन दोन वर्षांत विधवा होऊन परत आली, त्यालाही दहा वर्षं झाली होती. दस्तगीरांचं अक्षर किरटं होतं, म्हणून त्यांचा प्रत्येक अहवाल साताऱ्याला जाण्याआधी तीच सुवाच्य अक्षरात उतरून काढी. त्यामुळे साताऱ्याच्या कचेरीत मुलाणींचं अक्षर म्हणून जे ओळखत, ते तिचं होतं.

दस्तगीरांचा हुद्दा सॅनिटरी इन्स्पेक्टरचा. लोक म्हणत, पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, डाक्टर. काम सांगायला सोपं होतं: कृष्णेकाठच्या तीस गावांत कोण कशाने मेलं ते वेळेवर कळवायचं, म्हणजे साताऱ्याहून चुना, विहिरीत टाकायचं पोटॅश आणि टोचायची लस वेळेवर येईल. कायद्याप्रमाणे ही खबर पोलीस पाटलाने द्यायची. पण पाटील मंडळींचा एक लाडका रोग होता, तो म्हणजे ताप. म्हातारी मेली, ताप. बाळंतीण मेली, ताप. विहिरीत पडून मेला त्यालाही एका पाटलाने ताप लिहिला होता. ताप लिहिला की कुणी विचारायला येत नाही. पटकी लिहिली की बाजार बंद, यात्रा बंद, विहिरीचं पाणी लाल. त्यात बेचाळीसच्या चळवळीत कितीतरी चावड्या जळाल्या आणि त्यांच्याबरोबर जन्ममृत्यूची पुस्तकंही गेली. पुढे दोन वर्षं सरकारला कागद धाडायचा म्हटलं की पाटलांचे हात कापत. एखाद्या गावात दहा माणसं गेली तरी कचेरीत ते गाव ठणठणीत असे.

दस्तगीर पाटलाचं पुस्तक वाचत नसत. ते मरीआईचा गाडा वाचत.

गावात पटकी शिरली की सुतार हातभर लांबीचा लाकडी गाडा करी. त्यावर मरीआईला बसवायची, नैवेद्य दाखवायचा, बकरं कापायचं आणि गाडा ओढत नेऊन पुढच्या गावाच्या हद्दीत सोडून यायचा. पुढच्या गावाने तो पूजा करून त्याच्या पुढच्या हद्दीवर न्यायचा. आई गावातून गेली, असं लोक मानत. कृष्णाकाठच्या त्या पट्ट्यात आणखी एक रीत होती. ज्या घरातलं माणूस आईने नेलं, त्या घराने गेलेल्या माणसामागे गाड्याच्या बांबूच्या कामटीला एक हिरवी बांगडी बांधायची. पाटील सरकारशी खोटं बोलेल, पण मरीआईशी खोटं बोलायची कुणाची छाती होती?

दस्तगीरांना हे घरातूनच ठाऊक होतं. उंब्रजजवळच्या एका गावात त्यांचे वडील मुलाणकी करत. आईचं बकरं कापायचा मान मुलाण्याचा. लहानपणी त्यांनी वडिलांबरोबर हद्दीपर्यंत जाऊन कितीतरी गाडे पाहिले होते. पुढे सरकारी नोकरीत आल्यावर ज्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा बांगड्या मोजल्या आणि तो आकडा पाटलाच्या पुस्तकाशेजारी ठेवला, त्या दिवशी त्यांना आपल्या कामाची किल्ली सापडली. पहिल्या डायरीच्या पहिल्या पानावर त्यांनी स्वतःसाठी नियम लिहून ठेवले होते.

‘गाड्याला हात लावू नये. चार हातांवरून मोजावे. श्रद्धा लोकांची, काम आपले.

पाच बांगड्यांपर्यंत विहिरीत पोटॅश. पाचाच्या पुढे लस मागवावी.

पाचाच्या पुढच्या गावात पाणी पिऊ नये. पाचाच्या आतल्या गावात कुणी दिलेले नाकारू नये, लोक दुखावतात.

माणूस जिथे मेला तिथेच मोजावा. एक माणूस दोनदा मोजू नये.’

शेवटची डायरी चैत्रात थांबली होती. ‘हिंगणखेड. गाडा पूर्वेच्या हद्दीवर. बांगड्या चार. गाव शांत. पोटॅश टाकले.’ ते बुधवारी हिंगणखेडहून परत आले. गुरुवारी सकाळी त्यांना उलट्या सुरू झाल्या. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजाच्या आधी सगळं संपलं होतं. त्या आठवड्यात त्यांनी पाच गावं पालथी घातली होती, तेव्हा कुठे लागण झाली हे सांगता येईना. जनाज्याला आलेले लोक म्हणत होते, सतरा वर्षं साथीत फिरला आणि साथ नसताना गेला. नशीब म्हणायचं.

पस्तिसाव्या दिवशी बाजार होता. दुपारी राहीबाई कासारीण दारात आली. साठीची, काटक, डोक्यावर बांगड्यांची पेटी. गावोगाव हिंडायची, आणि दस्तगीर वाटेत भेटले की तिला थांबवून कुठल्या गावात काय चाललंय ते विचारत. अख्तरबी, नूरजहांची आई, इद्दतीत बसली होती. चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही. राहीबाई पेटी बाहेरच ठेवून आत आली आणि अख्तरबीच्या मोकळ्या मनगटांकडे एकदा बघून तिने नजर वळवली.

“लय उशीर झाला माजा यायाला,” ती म्हणाली. “मी खाली तासगावकडं हुते. तितंच कानावर आलं. डाक्टर गेलं. म्या म्हनलं, थापा मारू नका रं, त्यो मानूस जायाचा न्हाई, त्येला अजून चार गावचा आकडा घ्यायचा आसंल.”

अख्तरबीच्या तोंडावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू येऊन गेलं. नूरजहांने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. राहीबाई दोन्ही हातांनी वरून पाणी प्यायली आणि मग रिकाम्या धंद्याचं गाऱ्हाणं सांगू लागली, कारण दुःखाच्या घरात फार वेळ दुःखाचंच बोलायचं नसतं.

“पेटी निस्ती मिरवायला हाय बघा. लढाईनं समदा माल खाल्ला. लाल हाय, पिवळी हाय, पन हिरवी म्हनशील तर वरीस झालं, नदरंला न्हाई. लगनाच्या बायकास्नी मी काय भरू, माजं कपाळ? एका नवरीला तर जुन्या बांगड्या धुवून भरल्या.” तिने मान हलवली. “हिंगणखेडला तर माजी लाजच गेली. गाड्याला पायजेल म्हनून मानसं मागाय आली. माज्याकडं निगाल्या चार. बाई, चार! मंग काय करत्यात? आळीला एक, आसं केलं.”

नूरजहां तांब्या उचलायला वाकली होती. ती तशीच थांबली.

“माणसामागे एक ना?” ती म्हणाली. “आळीला नव्हे. माणसामागे एक.”

“मानसामागं एक कवा? बांगड्या असत्या तवा. वरच्या आळीला एक, खालच्या आळीला एक, कुंभारआळीला, आन् एक वढ्यापलीकडच्या वस्तीला. झाल्या चार.”

“आणि माणसं? माणसं किती गेली होती?”

राहीबाईने तिच्याकडे नीट पाहिलं. “त्ये मला ठावं न्हाई, पोरी. पन मी गेले तवा निम्मी घरं कुलपात हुती. समदी रानात ऱ्हायाला निगाली हुती.”

राहीबाई गेली नाही, बाहेर ओट्यावर सावलीला टेकली. आत नूरजहांने तांब्या उचलून कोपऱ्यात ठेवला. मग अख्तरबी म्हणाली, “तुझ्या मनात काय चाललंय ते मला कळतंय.”

“अम्मी, तो चारचा आकडा मी माझ्या हाताने उतरून काढला होता. त्या दिवशी ते आजारीच होते. पडल्या पडल्या म्हणाले, अहवाल थांबवू नको.”

“मग?”

“मग सयाजीराव त्याच आकड्यावर उत्तर देणार आहेत. परवा शाळेजवळ भेटले तेव्हा सांगत होते. येत्या मंगळवारी कुंभारखेडची यात्रा आहे. हिंगणखेडच्या खाली, पलीकडे सांगली संस्थानच्या हद्दीत. वरच्या गावात पटकी आहे का म्हणून संस्थानाने विचारलंय. नदी आता आटून डोह डोह झालीय. हिंगणखेडने मेलेल्यांचे कपडे ज्या डोहात धुतले असतील, त्याच्याखालीच यात्रेचा घाट आहे.”

“बाजारात फिरणाऱ्या बाईच्या एका शब्दावर?” अख्तरबी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, तो कधीच चढत नसे. “त्यांनी उभ्या जन्मात एक आकडा चुकवला नाही. आता ते उत्तर द्यायला नाहीत, तर तू जाऊन सांगणार, चुकले म्हणून? चाळिसावा तरी होऊ दे.”

“चाळिसावा बुधवारी आहे, अम्मी. यात्रा मंगळवारी.”

अख्तरबीने तसबीहची माळ उचलली आणि भिंतीकडे तोंड केलं. त्याला होकारही म्हणता आलं नसतं आणि नकारही.

लोकल बोर्डाच्या गुदामामागच्या खोलीत चुन्याच्या पोत्यांचा वास भरला होता. सयाजीराव सव्वीस वर्षांचे होते, पुण्याला शिकून आले होते आणि टेबलावर दस्तगीरांची पहिली डायरी उघडी होती. नूरजहांला पाहून ते उभे राहिले.

“बाई, अहो निरोप पाठवायचा. मीच आलो असतो. हे नियम मी तोंडपाठ केलेत. कोर्समध्ये असलं काही शिकवत नाहीत.” त्यांनी एक कागद पुढे केला. “हे बघा, संस्थानाला उत्तर. सही झालीय, आजच्या टपालाने जाईल. मुलाणी साहेबांचाच आकडा दिलाय. मी स्वतःही हिंगणखेडला जाऊन आलो. गाव शांत आहे. लोक रानात आहेत, पण उन्हाळ्यात राहतातच.”

‘मृत्यू चार. साथ नाही.’ नूरजहांने वाचलं आणि कागद परत टेबलावर ठेवला. मग राहीबाईने सांगितलेलं तिने सांगितलं, मध्ये न थांबता, शाळेत धडा सांगावा तसं. थांबली असती तर पुढे बोलवलं नसतं.

सयाजीरावांनी डायरी मिटली. “राहीबाई तिखटमीठ लावून बोलते,” ते म्हणाले. “सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. आणि बाई, विचार करा. मी यात्रा बंद करायला लावली आणि खरंच चारच निघाले, तर साहेबांच्या नावाबरोबर माझंही जाईल.”

“गाडा अजून हद्दीवर आहे ना?”

“आहे. संस्थानी पोलीस पलीकडे येऊ देत नाहीत. गाडा घ्यायला बंदी आहे त्यांच्याकडे. कुंभारखेडच्या लोकांना तो आलाय हेही माहीत नसेल.”

“मग जाऊन बघू या. उत्तर उद्याच्या टपालाने जाईल.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या सर्व्हिस मोटरने राहीबाईसह तिघं निघाले. पेट्रोल लढाईवर गेलं होतं, मोटर कोळशाच्या धगीवर चालत होती आणि चढ आला की ड्रायव्हर उतरून मागची भट्टी ढोसत होता. अशा एका चढावर राहीबाई सयाजीरावांना म्हणाली, “इन्स्पेक्टर सायेब, लगीन झालंया का तुमचं?”

“नाही अजून.”

“तरीच. लगीन झालं की बायकूचा हात हातात घ्याल, तवा कळंल बांगडीचं माप काय आस्तं. निस्तं लांबून बगून न्हाई कळत.”

सयाजीराव लाल झाले. नूरजहां खिडकीबाहेर बघत राहिली. अब्बांच्या सायकलचा रस्ता हाच होता, आणि सतरा वर्षांत ती या रस्त्याने एकदाही आली नव्हती. ऊस तोडलेली रानं, मध्येच विहिरीवरची मोट, मग पुन्हा ओसाड माळ. फाट्यावर उतरून ती दोन मैल उन्हातून चालली. तिला भूक नव्हती, तहान नव्हती. नुसते पाय जड झाले होते, आणि वाटत होतं की हा रस्ता संपू नये.

हद्दीचा दगड बाभळीखाली होता. अलीकडे साताऱ्याचा मुलूख, पलीकडे संस्थान, आणि दगडाला टेकून गाडा. लाल फडक्याचा रंग उन्हाने उडाला होता. लिंबं वाळून काळी पडली होती. मरीआईच्या लाकडी मुखवट्यावरचा शेंदूर तेवढा शाबूत होता. गाड्याच्या कामटीला चार हिरव्या बांगड्या होत्या आणि त्यांच्याखाली लाल दोऱ्यांचे गोंडे लोंबत होते.

“चारच आहेत,” सयाजीराव म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटका होती.

नूरजहां चार हातांवर उभी होती, अब्बा उभे राहत तिथेच. बांगड्या स्वच्छ दिसत होत्या. गोंडे म्हणजे शोभा वाटत होती. त्यांनाही तसंच वाटलं असणार.

“गोंडं न्हवं त्ये,” राहीबाई म्हणाली. “गाड्याला कोन गोंडं बांदतं?”

कुणीच पुढे झालं नाही. सयाजीरावांनी एक पाऊल टाकलं आणि मागे घेतलं. “मला नाही जमायचं, बाई,” ते खाली बघत म्हणाले. “पुण्याला शिकलो, पण... गाड्याला शिवलं की मरीआई मागोमाग घरी येते म्हणतात. माझी आई घरी एकटी आहे.”

नूरजहांलाही पुढे जाववेना. तिला मरीआईची भीती नव्हती. पण गाड्याला हात लावू नये, हे अब्बांनी स्वतःसाठी लिहिलं होतं. दुसऱ्याच्या देवाला आपण शिवू नये, एवढ्या एका अदबीवर तो माणूस सतरा वर्षं या तीस गावांतून फिरला होता, आणि कुठल्याही गावाने त्याला हद्दीवरून परत पाठवलं नव्हतं.

“सरा बाजूला,” राहीबाई म्हणाली. तिने चपला काढल्या, पदर डोक्यावरून घेतला आणि गाड्यापुढे मांडी घातली. “आई, चुकलं माकलं पोटात घाल. जलमभर बायकांच्या हातात बांगड्या भरल्या म्या. तुज्या बांगडीला हात लावला तर मारशील व्हय?”

मग तिने पहिला दोरा बोटांत धरला आणि जपमाळ ओढावी तसा हळूहळू ओढत नेला. दोऱ्याला गाठी होत्या.

“हे बगा. बांगडी आळीची, गाठ मानसाची. देवाला फसवलं न्हाई कुनी.” तिची बोटं चालत होती. “वरची आळी. नऊ.”

सयाजीरावांनी वही काढली.

“खालची आळी.” या वेळी खूप वेळ लागला. “बारा. कुंभारआळी, तीन. आन् वस्ती...” ती एकदा चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. “सात.”

“एकतीस,” नूरजहां म्हणाली. बेरीज कुणी विचारली नव्हती.

रानातून एक माणूस झपाझप येताना दिसला. पटका, हातात काठी. हिंगणखेडचे पाटील, लालासाहेब. गाड्यापाशी माणसं बघून ते आले होते. राहीबाईला गाड्यापुढे बसलेली पाहून ते ओरडणार होते, पण सयाजीरावांच्या हातातली वही दिसली आणि ते थांबले.

“पाटील, ही दस्तगीर मुलाण्यांची लेक,” राहीबाई उठत म्हणाली. “आता ताप म्हनू नगा.”

लालासाहेबांनी नूरजहांकडे पाहिलं आणि हळूच पटका काढून हातात घेतला.

“तापच लिवला म्या,” ते म्हणाले. “खोटं कशाला बोलू. चावडी जळाल्यापासून कागदाला हात लावायचं भ्या वाटतं. पर मुलाणी डाक्टरास्नी मी लपीवलं न्हाई, बाई. त्ये आलं, हितंच हुबं ऱ्हायलं, मोजलं, मान हलीवली. त्येंनी इचारलं आसतं तर मी सांगितलं आसतं.”

“तुम्ही आपणहून का नाही सांगितलं?” नूरजहांने विचारलं.

“मला वाटलं, दिसलंच आसंल त्येस्नी.” पाटलांनी पटक्याचा पदर बोटाला गुंडाळला. “समदा गाव म्हनायचा, डाक्टरास्नी काय सांगाय लागत न्हाई, त्येस्नी समदं दिसतं.”

पलीकडे, संस्थानच्या हद्दीत, कुणीतरी बैलांना पाण्यावर घेऊन चाललं होतं.

राहीबाईला तेवढ्यात गाड्याच्या चाकाला बांधलेला आणखी एक दोरा दिसला. हा पांढरा होता. बांगडी नव्हती, एकच गाठ होती. “आन् ह्यो कुनाचा? पांढरा कुठल्या आळीचा?”

“त्यो मागनं बांदलाय,” लालासाहेब म्हणाले. “माज्या बायकूनं. डाक्टर गेल्याचं कळलं तवा. त्या दिशी त्येंनी आमच्याकडं ताक घेतलं हुतं. तिनंच दिलं हुतं.”

नूरजहांला डायरीतली ओळ आठवली. पाचाच्या आतल्या गावात कुणी दिलेले नाकारू नये. त्यांनी चार मोजले होते आणि म्हणून ताकाचं भांडं हातात घेतलं होतं. सगळं नियमाप्रमाणे झालं होतं. ती दगडावर बसली. पस्तीस दिवस ती ज्या प्रश्नाभोवती फिरत होती त्याचं उत्तर इतकं लहान होतं.

सयाजीराव जवळ आले. त्यांनी पिशवीतून कालचा सही केलेला कागद काढून त्याचे दोन तुकडे केले आणि नवा कागद मांडीवर घेतला. “बाई,” ते हळू आवाजात म्हणाले, “मी असं लिहितो. हिंगणखेड, मृत्यू एकतीस, यात्रा बंद करावी. एवढं पुरे आहे. आधीचा आकडा काढायची गरज नाही. साहेबांचं नाव मध्ये येणार नाही.”

तिने क्षणभर ते होऊ दिलं असतं. ते किती सोपं होतं, आणि सयाजीराव किती भल्या मनाने बोलत होते.

“साताऱ्याच्या कचेरीत चैत्रातला चार पडलाय,” ती म्हणाली. “आज तुम्ही एकतीस लिहिलेत, तर ते समजतील सत्तावीस माणसं या पाच आठवड्यांत गेली. मग सगळी लस हिंगणखेडला येईल, आणि इथली साथ तर संपलीय. ती पाच आठवड्यांपूर्वीच पाण्यातून खाली गेलीय. लस कुंभारखेडला हवी आणि त्याच्याही खाली. तारीख चुकली तर आकडा बरोबर असून उपयोग नाही.” तिने हात पुढे केला. “द्या. कचेरीला हे अक्षर ओळखीचं आहे.”

दगडावर कागद ठेवून तिने लिहिलं.

‘हिंगणखेड येथील चैत्रातील अहवालात मृत्यूंचा आकडा चार दिला होता. तो चुकीचा होता. त्याच दिवशी खरा आकडा एकतीस होता. हिरव्या बांगड्यांच्या टंचाईमुळे लोकांनी आळीला एक बांगडी बांधून गेलेल्या माणसामागे दोऱ्याला गाठ मारली होती, ती पाहणी करणाऱ्या इन्स्पेक्टरांच्या लक्षात आली नाही. इतर गावांच्या गाड्यांवरचे या वर्षातले आकडेही पुन्हा तपासावेत. सदर अहवालाची नक्कल मीच केली होती.’

सयाजीरावांनी वाचलं. सही करायच्या आधी ते थांबले. “बाई, पांढऱ्या दोऱ्याचं काय? बत्तीस लिहायचे?”

“नाही,” नूरजहां म्हणाली. “त्यांची नोंद कराडला झालीय. एक माणूस दोनदा मोजायचा नाही.”

यात्रा बंद झाली. मिरजेहून लस आली आणि कुंभारखेडच्या घाटावर संस्थानी पोलीस उभे राहिले. लोक चिडले, पाळणेवाले आणि मिठाईवाले शिव्या देत परतले. कुंभारखेडात पाच माणसं गेली, खालच्या गावात दोन. यात्रा भरली असती तर किती गेली असती, हे कुणालाच सांगता आलं नसतं, आणि जे सांगता येत नाही त्याचे आभार कुणी मानत नाही. कराडच्या बाजारात मात्र मुलाणी डाक्टर चुकला, ही गोष्ट चार दिवसांत घरोघर पोचली. सयाजीरावांनी पहिल्या डायरीत ‘चार हातांवरून मोजावे’च्या खाली काही लिहिलं नाही. नव्या वहीच्या पहिल्या पानावर मात्र लिहिलं, ‘विचारावे.’

चाळिसाव्याला मोजकीच माणसं आली. राहीबाई आली, बायकांत मागे बसून राहिली. फातिहा झाली, जेवणं झाली, भांडी आवरली गेली. अख्तरबीने हद्दीवरून परत आलेल्या मुलीला त्या दिवशी काही विचारलं नव्हतं, नूरजहांने आपणहून सांगितलं तेवढंच ऐकून घेतलं होतं. आता ती उरलेल्या खिरीचं पातेलं पुढ्यात घेऊन बसली होती.

“ताक प्यायले होते म्हणतेस?” तिने एकदम विचारलं.

“हो, अम्मी.”

अख्तरबीने पळीने पातेल्याची कड खरवडली.

“घरी कधी घेत नसत,” ती म्हणाली. “मी किती वर्षं देत होते. म्हणायचे, मला ताकाने सर्दी होते.”